दत्तरावांचा ताणकाटा

सुनंदाचा, म्हणजे दत्तरावांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पूर्णा स्टेशनसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. ‘बाबा गेले, गुरुजी,’ एवढंच ती बोलली. अर्धा चहा तसाच ठेवून मी उठलो. दुःख झालं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच... बारा वर्षं मी दत्तरावांना एक गोष्ट सांगायची टाळत होतो. आज नको, दिवाळी होऊ दे, त्यांची तब्येत सुधारू दे. आता ती ऐकणारा माणूसच उरला नाही.

दत्तराव परभणीला पोलीस शस्त्रागारात हवालदार होते. पिस्तुलं उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. घर मात्र पूर्ण्यात, आमच्याच गल्लीत. रोज रेल्वेने जाऊन-येऊन करायचे, आणि हाताचा तेलाचा वास काही केल्या जायचा नाही. त्यांच्याकडे एक छोटा ताणकाटा होता. आकड्याला पिशवी अडकवून वजन करतात तसला, साधा. त्याचा आकडा ते पिस्तुलाच्या चापात अडकवायचे आणि हळूहळू ओढायचे. किती किलोच्या ओढीला चाप सुटतो ते काट्यावर दिसायचं. एकदा मी विचारलं, इतका जड कशाला ठेवतात? ते हसले. ‘माणसाला इचार करायला येळ पायजे का न्हाई, गुरुजी? तेवढ्यासाठी हाय त्ये वजन.’

माझा थोरला भाऊ, अण्णा, पेट्रोल पंप चालवायचा. रोकड घेऊन एकट्याला परभणीला जावं लागायचं, म्हणून त्याने परवाना काढून पिस्तूल घेतलं होतं. ते कमरेला कसं बाळगायचं हे दत्तरावांनी आम्हा दोघांना आमच्याच अंगणात शिकवलं. मी शिक्षक, पण शिकायला महाठोंब्या. माझं बोट सारखं चापावर जायचं आणि लगेच त्यांची चापट हातावर बसायची. ‘पोरायला छडी देता ना? घ्या आता! बोट बाहीर. नळी खाली. मॅगझिन काढलं म्हंजे पिस्तूल रिकामं झालं असं न्हाई. वर चेंबरमधी एक गोळी बसून ऱ्हाती. करंगळी घालून बघायचं, दर बारीला.’ अण्णा मात्र हे सगळं देवपूजेसारखं पाळायचा.

पुढे अण्णाला साखरेचा आजार जडला. उजव्या हाताची बोटं बधिर झाली, चाप ओढताना हात थरथरायला लागला. वेळेवर चालणारच नसेल तर पिस्तूल काय पूजेला ठेवायचं, असं म्हणत मी दत्तरावांच्या मागे लागलो. तीन वेळा ते नाही म्हणाले. चौथ्या वेळी माझ्या भिडेखातर कबूल झाले. मूळची स्प्रिंग काढून हलकी बसवली आणि काटा लावून मला दाखवला... दीड किलो. ‘ह्याला नुस्ता धक्काबी पुरंल. लय वाईट वाटायलंय मला, गुरुजी.’ काढलेली स्प्रिंग त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकली. अण्णाची बोटं बरी झाली की परत बसवू म्हणाले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखी हत्यारं पाटावर मांडली. कोयता, विळा, पंपावरचे लोखंडी पाने आणि मधोमध पिस्तूल. अण्णाने मॅगझिन काढलं, स्लाईड मागे ओढली, करंगळी घालून चेंबर बघितलं आणि आंघोळीला गेला. आमच्या आईची शिस्त होती, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. मला वाटलं, पूजेतलं हत्यार तरी रिकामं का असावं? मी मॅगझिनमधलं एक काडतूस चेंबरमध्ये सरकवलं आणि स्लाईड पुढे सोडली. अण्णाला सांगणार होतो. तेवढ्यात झेंडूवाली दारात आली आणि मी तिच्याशी घासाघीस करत बसलो.

अण्णाने ओल्या हाताने हळदकुंकू लावलं. चेंबर मघाशीच बघितलं होतं, म्हणून पुन्हा न बघता हार घालायला पिस्तूल उचललं, ते निसटायला लागलं म्हणून घट्ट धरलं. बधिर बोटाला चाप कळला नसावा. गोळी मांडीत वरच्या बाजूला लागली. नांदेडला नेताना जीपमध्येच तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं.

चौकशीत दत्तरावांनी आपणहून सांगितलं, चाप मी हलका केला. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. गोळी आत कशी राहिली, असं मला विचारलं. मी म्हणालो, अण्णा बघायला विसरला असेल. मेलेल्या भावावर मी विसरभोळेपणा ढकलला. दत्तरावांना शस्त्रागारातून काढून फाटकावर पहाऱ्याला उभं केलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. अण्णानंतर मी हत्यारांची पूजा सोडून दिली. दत्तरावांनी तर पिस्तुलाचं नावही काढलं नाही. आम्ही दोघं रोज त्यांच्या ओट्यावर बसायचो, पावसापाण्याचं बोलायचो. मी त्यांना सोबत करतो याचं गल्लीला कौतुक होतं.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. छताकडे बघत होते. मग म्हणाले, ‘गुरुजी... अण्णा चेंबर बघायला इसरणारा माणूस न्हवता हो.’ आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं का, की ते मला फक्त दार उघडून देत होते, ठाऊक नाही. मी त्यांची चादर सारखी केली. म्हणालो, ‘इसरला असंल. झोपा तुमी.’ त्यांनी डोळे मिटले.

तेराव्यानंतर सुनंदा घरी आली. ताणकाटा आणि ती बाटली माझ्या हातात ठेवली. बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर दत्तरावांचं अक्षर होतं : ‘अण्णांची. परत बसवणे.’ ती म्हणाली, ‘बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, अण्णांचा जीव माझ्या हातानं गेला. तुमीच काय ते त्यांना धरून होतात, गुरुजी.’ आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला.

काटा आता माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. बसल्याबसल्या मी त्याच्या आकड्यात बोट अडकवतो आणि ओढतो. एक किलो, दीड किलो... सोडलं की काटा शून्यावर येतो. हे सगळं लिहून मी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीकडे पाठवतो आहे; सुनंदा ही पुरवणी दर रविवारी वाचते.