लाल चिंधीचा कॅन

मला राग लवकर येतो, आणि आला की उतरत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको.

दुष्काळाच्या त्या वर्षांत उमरग्याकडच्या रस्त्यावर सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र निघालं होतं. तिथं दूध तपासायला मी होते. सायन्सची पदवी घेतलेली, बौद्ध वस्तीतली मुलगी. मी कॅनमध्ये नमुन्याचा डाव बुडवला की काही गावांची माणसं तोंड फिरवायची. मग मी तो मुद्दाम चांगला खोल घालायचे.

दूध गार करायचं मशीन चालवणारा मेकॅनिक माझ्यावर जीव टाकायचा, आणि मीही त्याच्यावर. जवळच्याच गावच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा तो. कंप्रेसरच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कुठं आहे ते सांगायचा. सोलापूरला जाऊन नोंदणी लग्न करायचं आमचं ठरलं होतं. मी माझ्या आईला सांगितलं होतं. त्यानं घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं.

त्याचा थोरला भाऊ त्यांच्या गावच्या दूध सोसायटीचा सचिव. त्या गावात एक रीत होती. बौद्ध वस्तीतलं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्यायचं आणि त्याच्या कडीला लाल चिंधी बांधायची, म्हणजे ते चुकूनसुद्धा बाकीच्या दुधात पडायला नको. आमच्या केंद्रात सगळं एकाच टाकीत ओतलं जायचं आणि शहरात जायचं. तिथं ते कोण पितंय याची गावाला फिकीर नव्हती.

त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या कॅनमध्ये सलग तीन दिवस पाणी निघालं. चिंधीचा कॅन मात्र चोख. मी तसं लिहून वर कळवलं. चौथ्या दिवशी दुपारी मेकॅनिक माझ्या टेबलापाशी आला.

"तेवढे कॅनचे नंबर इकडचे तिकडं झाले असं वर कळव की," तो म्हणाला. "वस्तीचा कॅन पाण्याचा लिही. न्हाय तर दादाची सोसायटी बुडती."

"आन् वस्ती?"

"त्यांचं दूध चार दिवस बंद व्हईल. मग बघू. तू एवढं केलंस तर दादा आपल्या लग्नाला हो म्हणंल. म्या शब्द घेतो त्याचा."

रानात काडी उरली नव्हती. वस्तीतल्या चुली म्हशींवर चालत होत्या. दूध बंद झालं की म्हशी बाजारात आणि माणसं खडी फोडायला, हे त्यालाही ठाऊक होतं. मी नाही म्हणाले. रात्रभर रडले, पण नाहीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा टेम्पो आला आणि त्याच्या मागं जीप. सचिव पाच-सहा जणांना घेऊन उतरला. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी ओढत माझ्या तपासणीच्या खोलीत आणलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं, धोतर सुटलं होतं. सोसायटीच्या कॅनमध्ये पाणी आम्हीच घातलं असं कबूल करावं म्हणून त्याला कॅनच्या झाकणानं मारलं होतं. झाकणाची कड कपाळावर उमटली होती.

"एक तर हिनं आपल्या जातवाल्यांसाठी नंबर बदलले, न्हाय तर ह्यांनीच आमच्या कॅनात पाणी घातलं," सचिव ओरडला. मग म्हाताऱ्याकडं वळला. "बोल रं, हिच्यापुढं बोल. पाणी कुणी घातलं?"

म्हातारा सुटलेलं धोतर सावरायला लागला. एकानं त्याच्या पोटात लाथ घातली, तसा तो तिथंच ओकला.

माझं डोकं फिरलं. "आमचं दूध तुमी तुमच्या कॅनात पडूच देत न्हाय ना?" मी किंचाळले. "मग आमचं पाणी त्यात आलं कुठून?"

जीपमधून आलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. इतकी साधी गोष्ट मारताना कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मी तेवढ्यावर थांबले नाही. टेम्पोतले दोन्ही कॅन उतरवून घेतले, दोन उंच ग्लासांत दूध ओतलं आणि सगळ्यांसमोर लॅक्टोमीटर सोडला. चांगल्या दुधात तो वर तरंगतो, पाणी असलं की खाली जातो. चिंधीच्या दुधात तो वर राहिला. सोसायटीच्या दुधात पार बुडाला.

"सचिव, हे काय?" त्यांच्यातलाच एक जण म्हणाला.

सचिवानं तो ग्लास माझ्या हातावर फोडला. काच तळहातात घुसली. केस धरून त्यानं माझं तोंड टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. दात ओठात रुतला. दुधातला स्निग्धांश मोजायला लागणाऱ्या तेजाबाची बाटली हाताशी होती. मी ती उचलली, बूच उडवलं. मला त्याचं तोंड जाळायचं होतं. खोटं कशाला सांगू, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तेवढ्यात मागून मेकॅनिकनं मला कवेत घट्ट आवळलं. बाटली हिसकून त्यानं लांब फेकली. फरशीवर फसफसून धूर निघाला. मला वाटलं, आता तो मला ओढून मागं नेईल. तो जागचा हलला नाही. माझे दोन्ही हात त्याच्या मिठीत अडकलेले असताना सचिवानं मला चार वेळा तोंडावर मारलं, सावकाश, नेम धरून. त्याची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती. शेवटी जीपमधल्याच माणसांनी सचिवाला धरून बाहेर काढलं.

सोसायटीचं दूध बंद झालं. वस्तीचं दूध केंद्रानं थेट घ्यायला सुरुवात केली. म्हाताऱ्याचा तो कान मात्र कायमचा गेला.

आठवड्यानं मेकॅनिक माझ्या खोलीवर आला. माझ्या ओठाला टाके होते.

"म्या धरलं नसतं तर तू तेजाब फेकलं असतंस," तो म्हणाला. "जेलात गेली असतीस. तुझ्यासाठीच धरलं."

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याचे डोळे भरून आले होते. आणि इतकं होऊनही माझा जीव त्याच्यावरून उठला नव्हता, त्याचीच मला चीड येत होती.

टाके ताणू नयेत म्हणून मी हळू बोलले. "त्या खोलीत दोघं चवताळलेले होतो. मी आन् तुमचा दादा. एकालाच धरता येत होतं तुमाला. तुमी मला धरलं."