संत्र्याचे केक आणि माझा पहिला नंबर

अण्णा दुसऱ्यांच्या बागेतले केळीचे घड डोक्यावर वाहायचे, आई कपाशी वेचायला जायची. माझ्या निकालावर त्यांचा अंगठा असे. आज लेकीसाठी केक करताना संत्र्याची साल किसली आणि त्या वासासरशी मी शनवारा पेठेत, माझ्या मैत्रिणीच्या, वैशालीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आठवीचा निकाल लागला होता. माझा पहिला नंबर, वैशाली गणितात कशीबशी पास. तिची आई छोट्या गरम केकांवर संत्र्याच्या रसात कालवलेली पिठीसाखर ओतत होती. मधेच हात पुसून तिने लेकीचा निकाल घेतला आणि एकेक विषय मोठ्याने वाचला.

"गणितात छत्तीस! वाचलीस गं बाई!" मग मला म्हणाली, "तू पण घे ना, बेटा."

"नको काकू, मला आंबट चालत नाही." तोंडाला तर पाणी सुटलं होतं.

केक आता मी हवे तेवढे करते, तरी तो हेवा काही गेला नाही. माझा निकाल घरात असा कुणी कधी वाचला नव्हता.

आज लेकीला गणितात बेचाळीस मिळाले. मी सगळे विषय मोठ्याने वाचले, आणि ती केक खात ऐकत होती तेव्हा मला तिचाही हेवा वाटला. मग निकालावर पूर्ण नावाची सही केली. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातली पहिली.