आमच्या घरातली कंपनी आणि खाडी

मी हॉलंडला निघाले त्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती आणि आय अजून खाडीवरून यायची होती. आली ती मनगटापर्यंत चिखल घेऊन. माझे नवे कपडे खराब होतील म्हणून तिने कोपरानेच माझं डोकं जवळ ओढलं. बाबा कंपनीच्या खाकी कपड्यांत, पाळीला उशीर करून थांबलेले.

खाडीकाठच्या कोलशेतचं आमचं घर दोघांवर चालायचं. बाबा केमिकल कंपनीत, आय खाडीतली मासळी धरून बाजारात विकायची. कंपनीचं पाणी खाडीत जायचं आणि जाळी काळी चिकट व्हायची. घरात मात्र त्यावर कुणी बोलत नसे.

मी दहावीत असताना कोळ्यांनी तक्रार केली. शाळेच्या हॉलमध्ये सरकारी साहेब आले. एकीकडे कामगार, त्यांत बाबा. समोर मच्छीवाल्या, त्यांत आय. कुठे बसावं मला कळेना. बायका ओरडत होत्या, "कंपनी बंद करा!" तेवढ्यात आय उठली.

"मना कंपनी बंद नको. माज्या घरान तिचाच पगार येतं. पन खारीन मासली मरते. पानी साफ करून सोरा."

बायका चिडल्या. शेजारच्या काकूंनी तर कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला.

साहेबांच्या हुकमाने पाणी साफ करायची मशीन बसेपर्यंत कंपनीचं काम थांबलं. तो अख्खा पावसाळा बाबा बिनपगारी घरी. ते आयची जाळी शिवायचे, बाजारात तिच्या शेजारी बसायचे. मित्र चिडवायचे, तर म्हणायचे, "बायकोच्या खाडीचं खातोय रे." हसायचे, पण त्यांचं जेवण कमी झालेलं मी पाहत होते. पुढे नोकरी पुन्हा सुरू झाली. मासळीही आली, पहिल्यासारखी नाही.

आता मी हॉलंडमध्ये एका शहराच्या पर्यावरण खात्यात काम करते. आमच्या मीटिंगला नदी, नोकऱ्या, घरभाडी सगळं एकाच टेबलावर असतं, आणि सगळ्यांचं पुरेपूर समाधान कधीच होत नाही. परवा रंगाच्या एका कारखान्याचा विषय निघाला. दुरुस्तीसाठी तो काही महिने बंद ठेवायचं ठरत होतं. मी विचारलं, "तेवढे महिने कामगारांना पगार कोण देणार?" मग बरीच घासाघीस झाली आणि पगाराचं कलम ठरावात आलं.

रविवारी घरी फोनवर हे सांगितलं. बाबा म्हणाले, "आमाला तवा कोनी इचारला नाय गो."

मागून आय म्हणाली, "मी इचारलेला. रोज. जेवलास काय म्हनून."

तुम्ही वाचणारे कुणी तिथेच राहिलेले असाल, कुणी माझ्यासारखे निघून आलेले; तुमचं घर म्हणजे काय, मला माहीत नाही. मला घर म्हणजे ही दोन माणसं. दोघांचंही म्हणणं खरं असतं, आणि तरी दोघं एकमेकांना धरून असतात.