चौसष्ट काळे, छत्तीस पांढरे

पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या वलगावच्या घरी भांडण मिटवायचा एकच मार्ग होता, चिंचोका. तो मधोमध फोडायचा आणि फोडलेली पांढरी बाजू दगडावर घासून सपाट करायची. दुसरी बाजू काळी, फुगीर. अष्टाचंग खेळायला तो असायचाच, पण विहिरीवर कोणी जायचं, खिडकीजवळ कोणी निजायचं, हेही बाबा तो उडवूनच ठरवत. मोठ्या भावंडाने आधी बाजू बोलायची, उरलेली बाजू धाकट्याची. लागलेला निकाल बाबांनी कधी फिरवला नाही.

सातवीत गणिताच्या गुरुजींनी पुस्तकात नसताना आम्हाला शक्यता शिकवली. नाण्याला बाजू दोन, म्हणून शंभरदा उडवलं तर छापा पन्नासच्या आसपास, हा कागदावरचा हिशेब. "आता घरी उडवून पाहा, अन् खरं काय होते ते लिहून आना," ते म्हणाले. मला शहाणपणा मिरवायचा होता, म्हणून मी नाण्याऐवजी चिंचोका घेतला. ताई ओसरीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण मुदतीच्या तापात शाळा बुडाल्याने माझ्याच वर्गात बसायची. काळे चौसष्ट, पांढरे छत्तीस. रेघा चुकल्या म्हणून मी तिच्यावर खेकसले आणि पुन्हा शंभरदा टाकले. तरी काळंच पुढे.

गुरुजी हसले. "बाजू दोन हायेत म्हनून दोघींचा वाटा सारखा, असं कोनं सांगतलं तुले? एक चपटी, एक फुगीर. याचा हिशेब टाकूनच कळते."

परीक्षा झाली, दोघी पास झालो. पुढची शाळा अमरावतीला, आणि राहायचं आत्याकडे. तिच्या दोन खोल्यांत आधीच नऊ माणसं, तिने निरोप धाडला की एकीलाच पाठवा. दुसरीची शाळा संपली, हे कोणी बोललं नाही, पण आम्हाला कळत होतं. बाबांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून त्यांनी चिंचोका मागितला.

आधी ताई बोलणार, आणि रेघा तिनेच ओढलेल्या. ती काळं म्हणणार आणि मी जन्मभर चुलीपुढे बसणार. मला तिचा असा संताप आला की मी मनात म्हटलं, देवा, विसरू दे हिला सगळं. आज सांगायला लाज वाटते, पण तसंच म्हटलं.

"बोल, काळं का पांढरं?" बाबांनी विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. कोळशाचा पुसट डाग राहिला होता त्या भिंतीकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

"पांढरं."

विसरली वेडी! मला आनंद झाला, पण छत्तीस म्हणजे काही शून्य नव्हे. चिंचोका वर गेला, खाली आपटला आणि उसळून जात्यामागे पडला. आम्ही दोघीही जागच्या हललो नाही. बाबा उठले, जात्यामागे वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"काळं," ते म्हणाले.

मी अमरावतीला गेले, आणि पुढे अकोल्याच्या शाळेत गणितच शिकवायला लागले. ताई अंजनगावला सासरी गेली. एकदा ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा वर्गातल्या मुलींच्या वह्या टेबलावर होत्या, शंभरदा नाणं उडवून ओढलेल्या रेघांच्या. ती पानं उलटत बसली. मी धीर केला.

"ताई, त्या दिवशी तू इसरली होती ना वं?"

"रेघा मी ओढल्या, अन् मीच इसरीन?"

"मंग सरळ बाबाले सांगाचं होतं, धाकटीले धाडा म्हनून."

ताईने वही मिटली.

"काहून सांगू? चौसष्ट तुले देल्ले, छत्तीस मी ठेवले. मलेबी शिकाचं होतं."