कल्याण शिबिरातली झोप

जगातल्या यच्चयावत माणसांची झोप पुरी झाली आहे की नाही, याची काळजी वाहणारा एकच इसम या भूतलावर उरला आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. वरुडच्या एका संत्र्याच्या पॅकिंग सेंटरवर ते सुपरवायझर होते. पगार मिळे तो संत्र्यांवर नजर ठेवण्याचा. यांची नजर मात्र सदैव माणसांच्या डोळ्यांखाली. ज्याच्या हाती आपला जीव द्यायचा त्याला आधी एक प्रश्न विचारायचा, हा त्यांचा रिवाज. अमरावतीहून वरुडला जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरून ते विचारतात, "झोप झाली काय, बाप्पा?" उत्तर समाधानकारक नसेल, तर मोर्शीला उतरून ते त्याला चहा पाजतात, तोंड धुवायला लावतात आणि मगच गाडी हलू देतात. मागचे प्रवासी बोंबलत असतात. साडूंच्या मते हे प्रवासी कृतघ्न. एकदा अर्धी दाढी झाल्यावर न्हावी जांभई देऊन म्हणाला, "लेकरू रडत होतं काका, डोयाच नाही लागला." हे तसेच उठले आणि उरलेल्या अर्ध्या दाढीनिशी एका साखरपुड्यात पहिल्या रांगेत जाऊन बसले.

हर्नियाच्या ऑपरेशनला तर कहर झाला. अमरावतीच्या दवाखान्यात टेबलावर आडवे झाल्यावर त्यांनी सर्जनला तोच प्रश्न केला. ते बिचारे खरं बोलले, "कालपासून उभाच आहे, काका." साडू टेबलावरून खाली उतरले. "मंग तुमी निजा आधी. हर्निया काय, थांबते तो. कुठं पयून जाते?" ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. सर्जन इतके ताजेतवाने होते, की टाके घालताना गुणगुणत होते म्हणे.

सेंटरचे मालक अकोल्याला राहत. तिथल्या एका परिसंवादात त्यांना कळलं, की कामगार सुखी असला की माल जास्त निघतो. त्यांनी ताबडतोब कामगारांना सुखी करायचं ठरवलं. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा हंगाम ऐन भरात होता, बाया पहाटेपासून अंधार पडेपर्यंत उभ्यानं संत्री निवडत होत्या. म्हणून कल्याण शिबिर रविवारी ठेवलं, म्हणजे कामाचं नुकसान नको. जो येणार नाही त्याचा पगार कापायचा होता. मी त्या दिवशी साडूंकडे पाहुणा होतो, तेव्हा ओघाओघानं मलाही सुखी करायला नेण्यात आलं.

'आपलं सेंटर, आपला परिवार' अशा फलकाखाली पुण्याहून आलेले एक सर उभे होते, शेजारी त्यांचा फोटोग्राफर. ते मृदू स्वरात म्हणाले, "डोळे मिटा. श्वासावर लक्ष द्या. सगळी ओझी खाली ठेवा." माणसं आज्ञाधारक होती. त्यांनी डोळे मिटले, ओझी खाली ठेवली आणि थोड्याच वेळात सगळा हॉल घोरू लागला. पहिल्या रांगेतल्या शेवंताबाईंनी तर सतरंजीवर रीतसर अंगच टाकलं. त्यांचा मुलगा बरेच दिवस अमरावतीच्या दवाखान्यात होता. काम, दवाखाना, पुन्हा काम, असं त्यांचं चाललं होतं.

सर गांगरले. "अहो, उठवा यांना! परस्परविश्वासाचं सत्र बाकी आहे!"

"कायले उठवता?" साडू म्हणाले. "हाच तं इस्वास हाय. इस्वास नसता तं निजले असते काय?" मग सरांकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तुमची झोप झाली काय?"

सर रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून आले होते. खुर्चीत टेकले, ते टेकलेच.

साडू दाराबाहेर जाऊन उभे राहिले. शिबिर आटोपल्यावर माल भरायचा म्हणून ट्रक येऊन थांबले होते. तेवढ्यात मालकांची गाडी आली.

"हे काय चालवलंय?"

"कल्याण चालू हाय, सायेब. हळू बोला."

"आणि माल खराब झाला तर? जबाबदार कोण?"

हा प्रश्न त्या आवारात नवा नव्हता. मागे मशीनच्या पट्ट्यात एका बाईची बोटं सापडली, तेव्हा मालकांनी ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदारानं मिस्त्रीकडे आणि मिस्त्रीनं विजेच्या तारांकडे. तारा काही बोलल्या नाहीत.

"मी," साडू म्हणाले.

हा शब्द तिथे बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा, कारण मालक कोणालाही न उठवता परत गाडीत जाऊन बसले.

माणसं दुपारी उठली, पाणी पिऊन कामाला लागली आणि संध्याकाळच्या आत सगळा माल भरून झाला. एकही संत्रं नासलं नाही. तरी सोमवारी साडूंना कामावरून काढलं. कारण सांगितलं, बेजबाबदारपणा. बाया त्यांच्यासाठी रदबदली करायला मालकांकडे गेल्या, तर त्यांना पुढच्या वर्षी आणखी मोठं शिबिर घेण्याचं आश्वासन मिळालं.

नव्या वर्षी सेंटरनं कॅलेंडर काढलं. पहिल्याच पानावर त्या हॉलचा फोटो, खाली मजकूर 'ध्यानमग्न परिवार'. कोणीतरी ते साडूंना आणून दिलं आणि त्यांनी ते चक्क बैठकीत टांगलं. मी भडकलो. "तुम्हाला घरी बसवलं त्यांनी, आणि तुम्ही त्यांचं कॅलेंडर लावता?"

साडूंनी चष्मा लावला. "हे पाहा, शेवंताबाई. तोंड कसं उघडं हाय पाहा. किती दिवसायनं निजली होती बिचारी." मग दुसरी, मग तिसरी, एकेकीचं नाव घेऊन ते मला सांगत गेले.

"आणि तुम्ही कुठं आहात यात?"

"मी बाहीर होतो ना, दारात. ट्रकवाल्यायले हॉर्न वाजवू नोका म्हणून राहिलो होतो," ते म्हणाले आणि त्या चेहऱ्यांवरून बोट फिरवत राहिले, अगदी हलक्या हातानं, जरा जोर लागला तर कोणीतरी जागं होईल अशा बेतानं.