ट्रकच्या पूजेतली सही

एसटीत कंडक्टर म्हणून माझं आयुष्य गेलं. सवलतीचा पास पुढं आला की आधी फोटो बघायचा, मग तारीख, मग माणसाचं तोंड. जुना पास दाखवून माझ्या हातून कुणी सुटला नाही. भांडलोय लई. आणि असा मी, उमरग्याला व्याह्याच्या दारात न वाचता सही ठोकून आलो. आठवलं की आजही डोकं फिरतं.

व्याह्यानं नवा ट्रक घेतला होता. पूजेचं बोलावणं आलं. आमच्यात पोरीच्या बापानं व्याह्याकडं आहेर न्यायचा, जेवायचं आणि फार न बोलता माघारी फिरायचं. त्या दिवशी उलटंच झालं. व्याह्यानं मलाच पाटावर बसवलं, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला आणि म्हणाला, "पाव्हणं, नारळ तुमच्या हातनं फुटू द्या." चार माणसांत एवढा मान! का खोटं बोलू, लई फुगलो मी.

नारळ फुटला तसा पतसंस्थेचा मॅनेजर कागद घेऊन पुढं आला. ट्रकचं कर्ज त्याच्याच संस्थेचं. "काका, हितं एक सही. पूजेला हजर होता म्हणून साक्षीदाराची. बाकी काय न्हाय."

चष्मा खिशातच होता. पण अंगावर व्याह्याचा आहेर असताना त्याचा कागद वाचत बसायचं? तोंडावर चोर म्हटल्यासारखं झालं असतं. लेक त्या घरात नांदत होती. मी सही केली. चहाचे कप गोळा करत ती तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

मी निवृत्त झालो. आलेला सगळा पैसा घालून धाराशिवला दोन खोल्यांचं घर बांधलं. रंग द्यायचा राहिला होता, तेवढ्यात दारावर नोटीस लागली. ट्रकचे हप्ते थकलेले, ट्रक कधीच कर्नाटकात विकलेला, आणि जामीनदार कोण, तर मी! घरावर जप्ती येणार होती. कागदांना माझा फोटो आणि पगाराचा दाखला जोडलेला. दोन्ही माझ्या लेकीनं पूजेच्या आधी फोन करून मागवले होते, नातीच्या शाळेला लागतायत म्हणून.

वकील म्हणाला, "संस्थेच्याच माणसानं साक्षीदाराची म्हणून फसवून सही घेतली असेल, तर ही जामीनकी टिकत नाही. पण सही तुमची, फोटो तुमचा, दाखला तुमचा. तो काय बोलला ते ऐकणारं दुसरं कोण होतं?"

ऐकणारी एकच होती.

वकिलानं जप्तीविरुद्ध कोर्टात अर्ज टाकला, तारीख मिळाली. मी उमरग्याला गेलो. या वेळी पाट नाही, पाणीसुद्धा नाही. व्याही म्हणाला, "समदं सांगूनच सही घेतली होती. इचारा की लेकीला!" लेक उंबऱ्यात उभी, तिच्या खांद्यावर सासूचा हात. "व्हय आबा, सांगितलं होतं तुमाला," ती म्हणाली, पाठ केल्यासारखी. असा संताप आला म्हणून सांगू! घर गेलं तर गेलं, पण पोटची पोर बापाला खोटं पाडते?

तसाच उठलो. नातीला घेऊन ती फाटकापर्यंत आली आणि हळूच बोलली, "आबा, दाखला शाळेलाच पायजे म्हणून सांगितलं होतं मला. मॅनेजर काय बोलला ते म्या ऐकलंय. तारखेला येते, सांगते कोर्टात." मग नातीचा हात माझ्या हातात दिला. "फकस्त हिला आजच घेऊन जावा."

"का गं?"

"इचारू नका."

वकिलाला सांगितलं तर तो खूश. "काका, जिंकलो म्हणून समजा." मला मात्र जेवण जाईना. तारखेच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन बंद. तारखेला सकाळीही बंदच. शेवटी व्याह्याला फोन लावला. तो अगदी गोड बोलला. "पाव्हणं, कशाला काळजी करताव? घरातच हाय ती. घरातच ऱ्हाईल आता."

घर गेलं खड्ड्यात! नातीला माझ्या बायकोजवळ सोडलं आणि उमरग्याची गाडी धरली. वकील फोनवर ओरडत होता, आज हजर नसलात तर निकाल तुमच्या विरोधात जाईल. जाऊ द्या म्हणालो. उमरग्याला पोलिसाला घेऊनच व्याह्याच्या दारात गेलो. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती.

घर जप्त झालं. आता आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो, चौघं. केस पुन्हा उभी राहतेय, आणि साक्षीला लेक जाणार आहे. खोली हायवेला लागून आहे. ट्रकचा हॉर्न वाजला की ती हातातलं काम टाकून उठते आणि दाराला आतून कडी आहे का बघून येते.