दाजींचा ठोका

आमच्या बँडचा म्होरक्या त्यांचा मेहुणा. तो त्यांना दाजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणायचो. दाजी पेशाने सुतार. दर शनिवारी संध्याकाळी गॅरेजवरच्या हॉलमध्ये सालसा चाले. मेहुणा पियानोवर, मी ढोलावर आणि दाजींच्या हातात कठीण लाकडाच्या दोन आखूड दांड्या. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा तो ठोका नीट सांगता येईल असं वाटत नाही. तीन ठोके, जरा दम, मग दोन. बस्स. पण सगळा नाच त्यावर उभा.

"गुलाम करून क्यूबात नेलेल्या आफ्रिकी लोकांचे ढोल मालकांनी काढून घेतले," दाजी सांगत, "तेव्हा त्यांनी बंदरात पडलेल्या जहाजाच्या लाकडी खुंट्या उचलल्या आणि त्याच वाजवल्या. म्हणजे मूळ सुतारकामातच आहे, बघ!"

दिवसभर उभ्या राहिलेल्या नर्सबाई, टॅक्सीवाले, शिवणकाम करणाऱ्या बाया पाय दुखतात म्हणत येत आणि दोन तास नाचत. नवखे अडखळले की दाजी ठोका मोठा करत. म्हातारी जोडपी दमली की पुढचं गाणं संथ धरत.

गेल्या वर्षी मेहुण्याने त्यांना घरी बोलावून तासभर वाजवून घेतलं, रेकॉर्डही केलं. "नवख्यांना सरावाला देतो, दाजी." दाजींनी घाम पुसत पुसत तीन वेगांत वाजवलं.

पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा नाच सुरू झाला होता. त्यांच्या खुर्चीवर स्पीकर होता आणि त्यातून त्यांचाच ठोका येत होता.

गाणं संपेपर्यंत ते दारातच उभे राहिले.

"अरे, हे काय?"

"तुमचाच हात आहे की, दाजी! आता आरामात नाचा."

"विचारायचंस तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवडाभर आधीच ठाऊक होतं. मी ढोलाचा स्क्रू आवळत बसलो.

"तुलाही माहीत होतं?" एवढंच म्हणाले.

मध्यंतरात मी त्यांना घरी सोडायला गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

"आज लवकर? माझ्या भावाशी वाजलं की काय?"

"छे! मनगट धरलंय. तोच म्हणाला, विश्रांती घ्या."

"बघा! आणि तुम्ही त्याला उगाच नावं ठेवता."

दाजी चपला काढून आत गेले. मी घाईने हॉलकडे वळलो. मध्यंतर संपत आलं होतं.